तळहातानं पारखलेला पियानो

नागपूर, ८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजीस आचलचा शि. सा. न.

वर्ध्याच्या शाळेत संगीतशिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली. पुढच्या महिन्यापासून पवनारला तुझ्याजवळच राहीन. सरावासाठी पियानो ऑनलाइन मागवते आहे. विजेवरचा, हलका, हेडफोन लावून वाजवायचा. वर्ध्याला अण्णाजींच्या वाद्यांच्या दुकानात खरा लाकडी आहे, पण कपाटाएवढा. तुझे कान गेल्यावर मी पियानो शिकले. तुला तो ऐकू यायचा नाही, मग घर कशाला अडवू? हे लिहिताना मात्र वाईट वाटलं.

तब्येत जप, माया राहू दे.

तुझी आचल

पवनार, १३ जानेवारी

चि. आचलले कुसुमबाईचे अ. उ. आ.

नोकरीचं वाचून पत्र देवापुढं ठेवलं. पण पोरी, एवढंसं सुगड आपण वाजवून घेतो, अन् पियानो फोटो पाहून काऊन घेतं? आज मी अन् शेजारची धुरपता संक्रांतीची सुगडं घ्याले वर्ध्याले गेलतो. कान गेल्यापासून मी मडकं तळहातानंच पारखते. चीर असली की हाताले कळते. तशीच अण्णाजीच्या दुकानात शिरली, पियानोच्या पाठीवर हात ठेवला अन् त्याले वाजवाले सांगितलं.

काय सांगू तुले. धाम नदीले पूर आला की काठचा दगड थरथरते, तसे जाड सूर अंगात शिरले. बारीक सूर म्हणजे मुठीतलं चिमणीचं पिल्लू. आठ वर्षं बंद घर कोणी आतून उघडून राह्यलं, असं वाटलं. एक पट्टी तेवढी चिरल्या मडक्यावाणी लागली. अण्णाजी हसले, मग मागून पाहतात तर एक स्क्रू ढिला. धुरपता खुणा करून म्हणे, आता कुसुमबाईले दुकानात नोकरीले ठेवा.

तुले सोयीचं असन तेच घेजो. माहा हट्ट नाई. पण हात अजून गुणगुणून राह्यला.

आशीर्वाद आहेतच, येणं लवकर करजो.

तुही आजी

नागपूर, १८ जानेवारी

तीर्थरूप आजीस शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं, ऑर्डर रद्द केली आणि अण्णाजींना फोन करून तोच पियानो ठरवला. अण्णाजींनी स्क्रू आवळलाय, पण तू हात लावून पास केल्याशिवाय पियानो गाडीतून उतरवणार नाहीत म्हणे.

तो भिंतीपासून दोन हात पुढे ठेवू. मागे तुझा पाट. पियानोच्या पाठीला पाठ टेकून तू मेथी निवडत बस. मला झोपवताना तू जे गायचीस, त्यातलंच एक पहिल्यांदा वाजवीन. कोणतं, ते लिहीत नाही. पाठीनं ओळख.

मायेची पाखर असू दे.

तुझीच आचल