आजोबांच्या पिशवीतला श्वास

प्रिय एफी,

तुझं पत्र शनिवारच्या बोटीने आलं. तुझ्या आईने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं आणि हेक्टरशी लग्नाला तू नकार दिल्याच्या ओळीशी येताच बटाटे सोलायची सुरी हातात घेऊन माझ्याकडेच वळली. जणू नकार मीच दिला होता. "घ्या! तुमच्या घराण्याची छाती आता समुद्र ओलांडून कॅनडाला पोचली," म्हणाली. तू लिहितेस की जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी अंगात कणकण येते, खोकला हटत नाही, म्हणजे आजोबांची छाती तुझ्या वाट्याला आली. आजीने अर्धा संसार त्यांच्या उशाशी बसून काढला, तसा हेक्टरने काढावा हे तुला नको. पोरी, तुझा त्याग मोठा आहे आणि तो साफ चुकीचा आहे. का ते सांगतो. आधी खाली बस, आणि पत्र वाचून होईपर्यंत बॅगपाइपला हात लावू नकोस.

आजोबा तुला आठवतात ते खिडकीपाशी बसलेले. मला आठवतात ते लग्नाच्या वरातीपुढे चढण चढताना वाजवणारे. सगळं यूइस्ट बेट त्यांच्या मागे धापा टाकत यायचं आणि ते मात्र वर पोचून वळून हसायचे. मग खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, छाती नाजूक आहे. आजोबांनी त्यावर आपल्या लोकांचा ठरलेला उपाय केला. छाती नाजूक, तर जास्त वाजवा! दम लागला की ते पाइप उचलायचे, आणि वाजवलं की संध्याकाळी ताप चढायचा. ताप उतरला की पुन्हा पाइप. त्या पाइपची फुंकून भरायची मेंढीच्या कातड्याची पिशवी कोणी कधी धुतली नाही. हवा निसटू नये म्हणून आत काकवी आणि मध गरम करून ओतायचा, कातडं ओलसर ठेवायचं, आणि धुवायचं नाव काढलं तर म्हणायचे, "अरे, त्यात माझ्या बापाचा श्वास आहे." पुढे तीच पिशवी माझ्याकडे आली, तू निघालीस तेव्हा मी ती तुझ्या गळ्यात घातली, आणि धक्क्यावर माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.

माझ्यासाठी मी दुसरी शिवली. आपल्याच कळपातल्या मेंढीची, आणि काकवी आजोबांच्याच मापाने. तुला कळवलं नव्हतं, पण गेल्या हिवाळ्यात मी जळणाच्या पीटची पोती कोठारातून घरात आणू शकत नव्हतो. दोन पावलं गेलो की भिंत धरायची. मीही घराण्याचा उपाय केला, रोज वाजवलं. शेवटी आईने माझं काही न ऐकता इन्व्हरनेसच्या इस्पितळात नेलं. तिथे नुसतं पडून राहिल्यावर मी बरा होत गेलो, लापशी मागून मागून खाल्ली. घरी परतलो त्या दिवशी शेजारी जमले, आणि बरा झालो हे दाखवायला मी काय केलं असेल? वाजवलं! अंधार पडायच्या आत हुडहुडी भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इन्व्हरनेसची वाट धरली.

या वेळी तिथे डॉक्टर फ्रेझर नावाची बाई होती, तुझ्याहून थोडी मोठी. तिने विचारलं, "घरी असं काय करता, जे इथे करत नाही?" मी म्हटलं, घरीही मी साधासरळच असतो. आई फटकन म्हणाली, "मेलेल्या मेंढीच्या तोंडाला तोंड लावून बसतात दिवसभर! इथे ती सोय नाही ना." शेजारच्या खाटांवरचे सगळे खो खो हसले. डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, "ती मेंढी इथे घेऊन या."

एफी, मी त्या बाईशी भांडलो. पिशवी द्यायला मी तयार नव्हतो. तेव्हा ती माझ्या खाटेवर बसली आणि श्वास म्हणजे काय ते मला शिकवू लागली. मला, जो चाळीस वर्षं फुंकून जगला! म्हणाली, फुप्फुसं स्वतः काहीच करत नाहीत, त्यांना स्नायूच नसतात. त्यांच्याखालचा पडदा खाली सरकतो, बरगड्या फाकतात, की हवा आत येते. पडदा ढिला पडला की बाहेर जाते. आत पार टोकाला वाळूच्या कणाएवढे बारीक फुगे असतात, आणि त्यांच्या पातळ भिंतीतूनच रक्ताला हवा मिळते. नाकाने घेतलेली हवा गाळून, गरम होऊन तिथवर पोचते. "तुम्ही मात्र तोंडाने भसाभसा ओढता," म्हणाली, "आणि तेही त्या नळीशी तोंड लावून. ओलसर, गोड, बंद पिशवी. तिथे बुरशी नाही वाढणार तर कुठे वाढेल? तिची धूळ त्या फुग्यांत जाते, शरीर शत्रू आला समजून लढतं आणि त्या लढाईत भिंती सुजतात." मग मी आईला पिशवी आणायला घरी धाडलं.

पिशवी आईनेच कापली, लोकर कातरायच्या कात्रीने, इस्पितळाच्या मोरीवर. आतून हिरवीकाळी लव. वास असा, की परिचारिकेने खिडक्या उघडल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. आपण तीन पिढ्या रक्ताला दोष देत बसलो आणि चोर काखेत होता. मी तिथे रडलो, एफी. पिशवीसाठी नाही. आजोबांसाठी. ते उपाय समजून रोज तेच घेत राहिले.

त्यानंतर मला श्वास नव्याने शिकवला. पोटावर हात ठेवून नाकाने सावकाश आत, आणि गरम सूप निववावं तसे ओठ मुडपून लांबवर बाहेर. या वयात पोरासारखं शिकायचं म्हणजे नाकी नऊ आले. आई रोज शेजारी बसून, "हं, निवलं का सूप?" म्हणून छळायची. पण वसंतात मी पोती उचलली. मग डॉक्टरीणबाईच्या परवानगीने नवी पिशवी घेतली, हिला चेन आहे, वाजवून झालं की उघडून पुसायची आणि वाळवायची. म्हातारे नाकं मुरडतात. मुरडू देत. काल बेटाच्या खेळांत मी धक्क्यापासून चर्चच्या टेकडीपर्यंत एका सुरात वाजवत चढलो. मागे सगळं गाव धापा टाकत होतं. वर पोचून मी वळलो आणि हसलो, अगदी आजोबांसारखा. आईने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला, हे गावाने प्रथमच पाहिलं.

आता पत्राचं कारण. आजोबांची ती पिशवी तुझ्याकडे आहे. तुझ्या छातीत काय आहे ते डॉक्टरांनी सांगावं, तुझ्या बापाने नाही. पण उद्या सकाळीच त्यांच्याकडे जा आणि पिशवी बरोबर ने, त्यांनी मागितली नाही तरी. त्यांचं बघून झालं की ती तुझ्या हाताने काप. आजोबांचा श्वास तिच्यात नाही, कधीच नव्हता. तो त्या चढणीवर होता, आणि काल मी तो ऐकला. त्यांच्या पाइपच्या लाकडी नळ्या मात्र आतून घासून जपून ठेव, लाकडाचा दोष नाही. पत्रासोबत पाठवलेल्या खोक्यात लोकरीच्या मोज्यांखाली तुझ्यासाठी नवी पिशवी आहे. ती डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बांध, आधी नाही. मोज्यांत आईची कात्री आहे. ती म्हणाली, "घाला ती पण, तुमच्या घराण्यातली माणसं कात्री शोधण्यात वर्ष घालवतील." हेक्टरला आजच सांग की नकार मागे घेतलास. तो घाबरट नाही, मला तो आवडतो. आणि तिकडे कोणी पाइपवाला ठरवू नका. लग्न इथेच होईल, आणि तुमच्यापुढे टेकडी मी चढणार आहे.

तुझाच, भरपूर दम असलेला,
बाबा