शिट्टी पोरींच्या हाती

आयुध निर्माणी वसाहत, भद्रावती
११ ऑगस्ट २०२४

चि. संघप्रिया हीस,
अश्वजितमामाचा जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या आईचा गडचिरोलीहून फोन होता. पोरगी परदेशात वाळून गेली म्हणते. फोटोत मात्र तुझे गाल चांगले वर आलेले दिसतात. रोज भात आणि मासोळी, म्हणजे झाडीपट्टीतून निघून तू झाडीपट्टीतच गेलीस. डॉक्टर होऊन ये म्हणजे झालं.

पत्र मी कागदावरच लिहिणार. मोबाइलवर अंगठ्याने टिचटिच करणं माझ्याच्याने होत नाही. लिहून झालं की सोनू फोटो काढून तुला पाठवते. तुझं उत्तर आलं की तीच मोठ्याने वाचून दाखवते. माझ्या पोरीएवढा चांगला टपालवाला सरकारकडेही नसेल.

सोनूची बास्केटबॉलची प्रॅक्टिस झकास चालली आहे. यंदा शाळेच्या टीमची ती कॅप्टन. मी ड्युटीवरून आलो की चहा घेऊन आम्ही बापलेक ग्राउंडवर जातो, टीमच्या बाकी पोरीही माझ्याकडे शिकायला तिथेच येतात. माझी रीत तुला ठाऊकच आहे. पोरीला एका रेषेवर उभं करायचं आणि प्रत्येक चेंडूला बजावायचं, कोपर आत, मनगट सैल, गुडघा वाकव, पाय जुळव. माझा घसा बसतो, पण मी सोडत नाही. डिसेंबरात चंद्रपूरला मोठी स्पर्धा आहे. तिथे सोनू चमकली की माझ्या जन्माचं सार्थक.

तिकडे म्हणे गल्लोगल्ली रिंगा लावलेल्या असतात आणि पोरांचा नेम पक्का असतो. ते कशी तयारी करून घेतात ते नीट बघून कळव. माझीच रीत असणार याची मला खात्री आहे.

मामीचा तुला जयभीम. जेवणाची हयगय करू नको.

तुझा,
अश्वजितमामा

---

भद्रावती
त्याच दिवशी

प्रिय ताई,
जयभीम.

बाबांच्या पत्राचा फोटो वर आहे. हा दुसरा कागद त्यांना माहीत नाही. फोटो त्यांच्याच मोबाइलवरून पाठवते आहे, गेला की पुसून टाकीन.

ताई, मला खेळायचं नाही. म्हणजे आता नाही. मी चेंडू उचलला की रिंग दिसायच्या आधी बाबांचा आवाज ऐकू येतो. कोपर, कोपर, कोपर. मॅचमध्ये ते लांब बसलेले असले तरी ऐकू येतो. हात माझा आहे असं वाटतच नाही. म्हणून मी नेमच घेत नाही, पास देऊन टाकते. सगळे म्हणतात सोनू किती दिलदार कॅप्टन. मी दिलदार नाही ग, मला भीती वाटते.

चंद्रपूरची स्पर्धा झाली की मी बाबांना सांगणार आहे. पण मग ते संध्याकाळी काय करतील? येताना आम्ही शेंगा घेतो आणि ते त्यांच्या जुन्या मॅचच्या गोष्टी सांगतात. मला त्या पाठ झाल्या आहेत, तरी आवडतात. म्हणूनच सांगायचा धीर होत नाही.

तू त्यांना यातलं काही सांगायचं नाही. शपथ आहे.

तुझी,
सोनू

---

दवाव, फिलिपीन्स
२५ ऑगस्ट २०२४

ती. मामा यांस,
संघप्रियाचा सादर जयभीम. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे बघून आले. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची खात्री चुकली.

आमच्या होस्टेलच्या मागेच वस्तीचं ग्राउंड आहे. वर पत्र्याचं छत आहे, त्यामुळे पाऊस असो की ऊन, पोरं हटत नाहीत. बाहेर गल्लीत नारळाच्या झाडाला रिंग ठोकलेली आहे आणि तिथे चपला घालूनही खेळ चालतो. मला बघितलं की सगळी आते, आते म्हणून ओरडतात. इथे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. लग्नाआधीच मी अख्ख्या गल्लीची आते झाले, हे आईला सांगू नका, ती नवरा शोधायला लागेल.

तिथे लॉर्ना नावाच्या शाळामास्तरीण पोरांना शिकवतात. लहानांना छोटा चेंडू, खाली आणलेली रिंग, आणि उभं राहायचं अगदी जवळ. मोठा चेंडू लांबून फेकायला लावला की पोर खांद्यातून ढकलतं आणि तीच खोड हाडात बसते, असं त्यांचं म्हणणं. जमलं की एक पाऊल मागे. एका जागेवरून लागोपाठ कोणी टाकत नाही. इथून एक, तिथून एक, मध्येच एखादी पोरगी आडवी येणार. रिंगेपुढे दोरीवर चादर वाळत घातल्यासारखी टांगतात आणि एवढंच सांगतात की चेंडू चादरीवरून जाऊ दे. मी विचारलं की कोपराचं कधी सांगता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, कोपराकडे लक्ष देत बसलं तर रिंगेकडे कोण बघणार?

खोटं कशाला सांगू, इथले सगळेच असे नाहीत. पलीकडच्या कॉलेजचे कोच अगदी तुमच्यासारखे आहेत, एका रेषेवर उभं करून घोकून घेतात. त्यांच्याही पोरांचे चेंडू रिंगेत पडतात. पण मॅचमध्ये कोणी अंगावर धावून आलं की ती गडबडतात.

आता एक काम आहे. आपल्याकडच्या पोरींना ही रीत मानवते का, हे लॉर्नाबाईंना जाणून घ्यायचं आहे. मी छाती ठोकून सांगितलं की माझे मामा करून बघतील. दिवाळीपर्यंत करा आणि कळवा. अट एकच. पोरगी नेम घेत असताना तुम्ही बोलायचं नाही. तुम्हाला ते झेपणार नाही, म्हणून शिट्टी पोरींकडे द्या. तुम्ही बोललात की त्या वाजवतील आणि तुम्ही ग्राउंडला एक चक्कर मारायची.

तुमच्या भाचीची परक्या मुलखात लाज राखा.

तुमची,
संघप्रिया

ता. क. सोनू, हे मोठ्याने वाचू नको. शपथ पाळली आहे. लॉर्नाबाईंनी खरंच विचारलं होतं, मी फक्त जरा तिखटमीठ लावलं.

---

भद्रावती
२९ सप्टेंबर २०२४

चि. संघप्रिया हीस,
मामाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऐकून आधी माझा पारा चढला. आम्ही कारखान्यांच्या स्पर्धा गाजवल्या त्या काय चादरी वाळत घालून? पण तू शब्द देऊन बसलीस. भाचीचा शब्द म्हणजे मामाच्या गळ्यात घंटा.

तुझ्या मामीची जुनी नायलॉनची साडी दोन बांबूंना बांधली. शिट्टी माधवी नावाच्या पोरीला दिली. ती माझ्या टीममधली सर्वात गरीब पोरगी, असा माझा समज होता. पहिल्या दिवशी मी नुसतं 'को' म्हटलं आणि तिने शिट्टी फुंकली. मी म्हटलं मी कोपर म्हणतच नव्हतो, कोण आलं म्हणत होतो. पोरींनी ऐकलं नाही. त्या संध्याकाळी मी एवढा पळालो की लग्नाच्या वरातीतही एवढा घामाघूम झालो नव्हतो. वसाहतीतले लोक कंपाउंडपाशी उभे राहून बघत होते. तुझी मामी डबा घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की इतकी वर्षं मले हे काऊन नाई सुचलं, शिट्टी तर घरातच होती.

आता रीतीबद्दल. सोनूचं कोपर अजून बाहेरच जातं. मला बघवत नाही, म्हणून मी हात मागे बांधून, पाठ फिरवून रस्त्यावरच्या कोळशाच्या गाड्या मोजतो. पण चेंडू आता उंच जातो आणि वरून पडतो, हे कबूल करायला हवं. आधी तो सपाट जाऊन रिंगेच्या काठावर आपटायचा. तुझ्या बाईंना एवढंच कळव. मला पटलं आहे असं कळवू नको.

पँटचा पट्टा एक भोक आत गेला आहे. माया असू दे.

तुझा,
धावरा मामा

---

भद्रावती
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,
जयभीम.

बाबांचा आज कागद नाही, माझाच आहे. ते सेकंड शिफ्टला गेले आहेत.

साडीवरून चेंडू टाकायला मजा येते ग. आम्ही एकमेकींना जागा सांगतो, आता बाभळीकडून, आता त्या तुटक्या बाकाकडून, आणि माधवी माकडासारखी अंगावर उड्या मारते. परवा एक चेंडू टाकला आणि तो गेल्यावर लक्षात आलं की मला कोणाचाच आवाज आला नव्हता. मला एकदम हसूच फुटलं.

पण दुसरंच झालं आहे. बाबा आता ग्राउंडवर हात मागे बांधून पाठ करून उभे राहतात. येताना शेंगा घेतात, पण गोष्टी सांगत नाहीत. काल मी विचारलं तर म्हणाले, बोललो की शिट्टी वाजते, त्यापेक्षा मी आपला गप्पच बरा. ते हसत म्हणाले, पण मला रडू आलं. मला त्यांचा आवाज नको होता, पण बाबा हवे होते. आता खेळ सोडायचा की नाही, मला काहीच कळत नाही.

काहीतरी लिही ना.

तुझी,
सोनू

---

दवाव
१३ नोव्हेंबर २०२४

ती. मामा यांस,
सादर जयभीम. वि. वि.

लॉर्नाबाईंना तुमचा वृत्तान्त सांगितला. त्या खूश झाल्या, पण एका गोष्टीवर रागावल्या. तुम्ही पाठ करून गाड्या मोजता, हे त्यांच्या रीतीत बसत नाही. गप्प राहायचं म्हणजे रुसायचं नाही. त्या स्वतः रिंगेखाली उभ्या असतात. चेंडू गेला तरी टाळी, हुकला तरी टाळी, आणि परत फेकताना पोराच्या तोंडाकडे बघून हसतात. नेम घेऊन झाला की मग वाटेल तेवढ्या गप्पा. त्यांचं ग्राउंड म्हणजे बाजार असतो नुसता.

तेव्हा मामा, तोंड रिंगेकडे करा. आणि घरी येताना बोलायला कोणीही मनाई केलेली नाही. तुमची ती शेवटच्या सेकंदाची गोष्ट सोनूला पुन्हा सांगा. दरवेळी त्यात प्रेक्षक वाढतात, यंदा किती झाले ते मलाही कळू दे.

आठवण ठेवा, माझी नव्हे तर पाठ न करण्याची.

तुमची,
संघप्रिया

---

भद्रावती
१५ डिसेंबर २०२४

चि. संघप्रिया हीस,
मामाचा जयभीम व भरभरून आशीर्वाद. वि. वि.

या पत्राचा फोटो मी स्वतः काढतो आहे. माझा अंगठा मध्ये आला तर चालवून घे.

काल चंद्रपूरला फायनल झाली. समोर तुझ्या गडचिरोलीच्या पोरी. झाडाच्या खोडासारख्या मजबूत, हलता हलत नव्हत्या. आपण दोन पॉइंटने हरलो. पण आधी माझं ऐकून घे.

सोनूकडे चेंडू आला आणि तिने पास दिला नाही. नेम घेतला. चुकला. मी जीव मुठीत धरून टाळी वाजवली. पुढच्या खेपेला एक लंबी पोरगी तिच्या अंगावर धावून आली, तरी तिने पुन्हा घेतला, वाकड्या कोपराने, आणि चेंडू असा अलगद पडला की जाळी नुसती हलली. मग ती नेम घेतच राहिली. काही गेले, काही हुकले. एकदाही तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. संघप्रिया, माझ्या पोरीने माझ्याकडे बघितलं नाही याचा मला एवढा आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

भद्रावतीला उतरल्यावर मी वसाहतीत पेढे वाटले. लोकांना वाटलं आपण जिंकलो. मी कोणाची समजूत घालत बसलो नाही.

आज सकाळी सोनू माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की बाबा, मी खेळ सोडून देणार होती. मी विचारलं कधीपासून. म्हणाली, पावसाळ्यापासून. सगळा पावसाळा मी तिच्या शेजारून चालत होतो आणि जगात आपल्याएवढं सुखी कोणी नाही असं समजत होतो. मी रडलो ग. लपवायचं काय त्यात! तुझी मामी धावत आली, तिला वाटलं हरल्याचं दुःख. मग धीर करून मी सोनूला विचारलं की आता काय ठरवलंस. ती म्हणाली की बूट घाला ना बाबा, काऊन बसून राह्यले, ऊन चढून राह्यलं.

आम्ही गेलो. सुट्टीचा दिवस, ग्राउंडवर दुसरं कोणी नव्हतं, शिट्टी तर माधवीच्या घरी. ती टाकत होती, मी रिंगेखाली उभा राहून चेंडू परत देत होतो. बरेच हुकले. मी काही बोललो नाही, आणि आज त्यासाठी मला शिट्टीची भीती लागली नाही.

तुझा,
अश्वजितमामा