ज्याची सुई त्याला

प्रिय वसंता,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण आज बातमीच अशी आहे की तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. तुझ्या धाकट्या भावाचा, सुरेशचा, पहिल्या तपासणीनंतर तीन महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही. जिंकलो आपण, लेका!

तुला कुठून ठाऊक असणार म्हणा, पण तू गेलास आणि वर्षभरात तोही साजगावला कारखान्याच्या भिंतीमागे आपल्याच टोळक्यात बसायला लागला. दिवसभर टेंपो चालवायचा, संध्याकाळी नशेचं इंजेक्शन. सुई एकच. आधी थोरला गणपत, मग वयाच्या क्रमाने बाकीचे, शेवटी सुरेश.

एक राग मात्र अजून आहे तुझ्यावर. मी एकदा वेगळी सुई मागितली, तर तू म्हणालास, "मंग मी तुला परका हाय का रं?" मी शरमेने हात पुढे केला. आजार दोघांनाही तिथेच लागला. मी दवाखान्यात गेलो, तू लाजलास आणि जीव गमावलास. रोजची गोळी घेऊन मी आज ठणठणीत आहे. का नाही आलास तू?

आता मी त्याच भिंतीमागे दवाखान्यातर्फे नव्या सुया वाटतो. सुरेशला दिलेली सुई त्याच्या खिशात तशीच पडून असायची. म्हणायचा, "दादाच्या दोस्तांना कसं सांगू, तुमची सुई नको म्हनून?" शोभतो तुझा भाऊ! शेवटी त्याचा नाद सोडला आणि गणपतला धरलं. मानाचा पहिला तोच ना? आठवडाभर त्याच्या शिव्या खाल्ल्या. मग एका संध्याकाळी त्याने सगळ्यांदेखत नवं पाकीट फोडलं. म्हणाला, "आजपासून ज्याची त्याला. माजी कुनाला देनार नाय." गणपतपुढे बोलायची कोणाची टाप आहे? सुरेशवर कोणाला नाही म्हणायची वेळच आली नाही.

आज रिपोर्ट घेऊन बाहेर आलो, तर रडलो मीच. सुरेश हसत होता. मग हळूच म्हणाला, "बबनदादा, ह्ये सुटंल का रं?"

सोमवारी त्याला व्यसनमुक्तीच्या औषधासाठी नेतोय. पहिल्या खेपेला सुटेल, असं खोटं सांगणार नाही. घसरेल, पुन्हा नेईन. दवाखान्यात येतोस का, असं तुला मी एकदाच विचारलं, तू नको म्हणालास आणि मी एकटाच निघून गेलो. तुझा हात मी फार लवकर सोडला, वसंता. त्याचा सोडणार नाही.

तुझाच,
बबन