बहात्तर किलोची टेस्ट

१ जानेवारी २०२६, सकाळी ७
संकल्प एक: २० फेब्रुवारीला प्रियलची बिंदोरी, लग्नाआधीची मिरवणूक, माझ्या बाबूजींच्या १९४८च्या गाडीतूनच निघणार. स्टिअरिंगवर मी. पोरीला शब्द दिलाय.
संकल्प दोन: वजन ७२. आज मोजलं नाही, पण ठरवलंय म्हणजे झालंच.

४ जानेवारी
पिंप्राळ्याच्या शेडमध्ये बॉडी उतरवली. आता परत चढवण्याआधी चेसिस किती पिळते ते बघायचं. मागची टोकं जखडायची, पुढे आडवा लोखंडी दांडा बांधायचा, दांड्याच्या टोकावर वजन द्यायचं आणि डायल गेजचा काटा वाचायचा. माझ्या हिशेबाने ७२ किलोला आठ मिलिमीटर. वेल्डर करमसिंग म्हणाला, डाळीची पोती ठेवू. म्हटलं, पोती कशाला, मी आहे ना. नेमका ७२.

११ जानेवारी
दांड्यावर उभा राहिलो. साडेदहा! चेसिस नरम पडलीय. लोखंडी पट्ट्या मारायला सांगितल्या. करमसिंग म्हणतो, चेसिस बठ्ठी बरोबर शे. सगळी ठीक म्हणे! इथे ज्याला त्याला इंजिनिअर व्हायचंय.

१८ जानेवारी
पट्ट्या मारूनही साडेदहाच. मधे संक्रांत झाली, पण तिळाच्या लाडवांचा चेसिसशी काय संबंध?

२७ जानेवारी
धुळ्याला जाऊन धनसिंग सरांना भेटलो. रिटायर्ड प्रोफेसर. सगळे आकडे दाखवले. त्यांनी एकच विचारलं, वजन कोणत्या काट्यावर केलंत? एवढा शिकलेला माणूस आणि प्रश्न हा. वैताग नुसता. येताना पारोळ्याला थांबून दोन प्लेट भजी. रागात खाल्लेलं धरत नाहीत.

९ फेब्रुवारी
अजून पट्ट्या. साडेनऊ. सारिका म्हणते, अहो, अकरा दिवस राहिले, बॉडी चढवा आता. म्हटलं, स्वतःच्या पोरीला वाकड्या गाडीत बसवू? प्रियल शेडमध्ये नुसती डोकावून जाते. घरात कुणाला कशाचं पडलेलंच नाही.

१७ फेब्रुवारी
करमसिंग आज टेम्पोत घालून डाळ मिलचा वजनकाटा घेऊन आला. म्हणाला, भाऊ, उभे राहा. राहिलो. ९६.
काटा बिघडला असणार. पन्नासचं पोतं ठेवून बघितलं. पन्नास.
मग त्याने दांड्यावर मोजून बहात्तर किलो डाळ टाकली. गेज सातवर. चेसिस पहिल्या दिवसापासून ठीक होती. बॉडी चढवायला आठ दिवस लागतात. बिंदोरीला तीन आहेत. जेवलो नाही. दुपारी थोडं खाल्लं.

२० फेब्रुवारी
बिंदोरी भाड्याच्या बग्गीतून. निघण्याआधी प्रियल नटूनथटून शेडमध्ये आली, फडकं अंथरून उघड्या चेसिसवर बसली. म्हणाली, पप्पा, बसा इथे. म्हटलं, नको बेटा, वाकेल. म्हणाली, वाकू द्या.
बसलो. डायल गेज अजून लावलेलाच होता. काट्याकडे बघितलं नाही.
वजन ९६. शेरवानीसकट.