कर्जतला निरोपच गेला नाही

खालापूर, रविवार

आज विहारात अक्काची नात पहिल्यांदा गायली. अंथरुणाला खिळलेली अक्का कर्जतला नवी साडी नेसून टीव्हीसमोर उशांना टेकून बसलेली, आणि पडदा काळाच. इथलं गाणं तिकडं थेट दाखवायची जोडणी माझीच.

गाणं इथून निघतंय हे खालापूरच्या राउटरनं कर्जतच्या राउटरला कळवायचं असतं, मगच तिकडून मागणी येते. लग्नाचं बोलावणं यजमानानंच न्यावं, तसं. मी समजलो, ऐकणारा विचारील. पण कुठं गातायत हे ठाऊक नसताना विचारणार कुणाला? ते दोन राउटर एकमेकांना जोडायचेच राहिले. रेकॉर्डिंगही केलं नाही.

नवी साडी नेसली होती हो!

फोन केला तर म्हणते, "जाऊ दे रं. तूच म्हणून दाखव." म्हटल्या दोन ओळी.

"अन् पोरीचा आवाज कसा हाय?"