सप्टेंबरात जिंकलेले बाबा

अ‍ॅबरडीन, २ मे २०१५

चि. स्ट्रुअन यास इजबल आत्याचे अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांत तुझी एक ओळ नाही. बोटीवरून पुन्हा पळालास की काय? तुझे बाबा फोनवर सगळं ठीक म्हणतात, म्हणजे काहीतरी बिघडलंय. बावीस वर्षांची खासदारकी गेली तर आमचा डूगल्डदादा करणार काय? त्याला साधं अंडं उकडता येत नाही. खरं काय ते कळव. आणि जेवत जा.

तुझी,
आत्या

ग्लेनहार, ११ मे २०१५

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र रोज लिहायला घेत होतो आणि रोज टाळत होतो. आधी पेन सापडेना, मग बातमी लिहवेना. (बोट सोडली, पण पळालो नाही, स्वयंपाक्याशी भांडलो. ते नंतर.) बाबा पडले. अकरा हजारांनी.

तू म्हणशील, स्वातंत्र्याचं सार्वमत तर त्यांच्याच बाजूनं जिंकलं होतं. तेच नडलं. स्कॉटलंड फुटू नये म्हणून आमचे मजूर पक्षाचे लाल बाबा गेल्या सप्टेंबरात निळ्या हुजूरपक्षवाल्यांच्या मंचावर चढले. आजोबांनी ज्यांना खाणीच्या संपापासून दारात उभं केलं नाही, त्यांच्याच थर्मासमधला चहा प्यायले. निकाल लागला. जिंकलेले पंचावन्न टक्के आपापल्या पक्षांत पांगले. हरलेले पंचेचाळीस स्वातंत्र्यवाल्यांच्या एकाच पक्षात शिरले आणि हलले नाहीत. बाबा मात्र दारोदार सांगत फिरले की तो विषय आता संपला. जन्मभर आपल्यालाच मत देणाऱ्या मिसेस टेनंटनं निळ्यांचा काय निरोप आणलाय एवढंच विचारलं आणि दार लावलं.

मोजणीला मी टेबलाशी उभा राहून, उघडणाऱ्या मतपत्रिका बघत पाच-पाचच्या काड्या मारत होतो. आमचा रकाना इतका रिकामा की त्यात मी एक सील मासा काढला. बाबांनी तो पाहिला. रागावलेसुद्धा नाहीत, तेव्हाच समजलो. निवडून आल्या पोस्टातल्या बुकनबाई. ऑक्टोबरपर्यंत त्या कुठल्याच पक्षात नव्हत्या.

तेव्हापासून बाबा पायजम्यात आहेत.

उशिराबद्दल हवं तेवढं रागव, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
स्ट्रुअन

ता. क. पाकीट चिकटवतोय तोच बेल वाजली. दारात बुकनबाई, हातात तक्रारींचा गठ्ठा! गळक्या छपरांबद्दल कुणाला लिहायचं असतं, ते बाबांना विचारायला आल्यात. बाबा घरी नाहीत म्हणणार होतो, तर आतूनच हुकूम आला की बाईंना बसवून घे. पायजम्यावर टाय बांधतायत.