चाळीस तासांत एकही प्रश्न नाही

ती. आत्यास,
सादर नमस्कार.

एकाच शब्दाच्या उच्चारावरून मी तुला तिसऱ्यांदा थांबवले, तेव्हा "एवढं येतंय तर तूच बोल की, शहाण्या!" म्हणून तू रेकॉर्डर बंद केलास. त्याला दोन वर्षे झाली. आपली भाषा सलग बोलणारी तू शेवटची; तरीही तुझा तो उच्चार सैलच होता, यावर मी आजही ठाम आहे.

काल तुझे चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. त्यात उत्तरे आहेत, मला हासडलेल्या शिव्याही आहेत. प्रश्न मात्र एकही नाही. प्रश्न सगळे माझे, तेही शाळेच्या भाषेत, मराठीत! मग आपल्या भाषेत माणूस विचारतो कसा? आवाज चढतो की उतरतो? माझ्या वडिलांना तू "जेवलास का?" कसे विचारायचीस?

हे पत्र मी टाकणार नाही. शाळेच्या भाषेतले पत्र तू वाचतच नाहीस. स्वतःच यावे म्हणतो. मी शिकवतो त्या पाचही परकीय भाषांत मला "आत येऊ का?" म्हणता येते, आपल्या भाषेत येत नाही. पण दारात गप्प उभा राहिलो, तर आधी तूच काहीतरी विचारशील ना?

तुझा,
हट्टी भाचा